आल्प्सच्या वाटेवरची शिदोरी

निपाणीला आगगाडी नाही. तंबाखूची एवढी मोठी पेठ, हमरस्त्यावरचे गाव, पण रूळ तिकडे कधी वळले नाहीत. निपाणीकराला गाडी धरावयाची तर उत्तरेला कोल्हापूर गाठावे, दक्षिणेला बेळगाव, नाही तर पूर्वेला मिरज-बेळगाव मार्गावरचे एखादे स्टेशन. अशा या गावातला एक तरुण गेल्या वर्षी मजकडे आला. घराणे मुसलमान, वडिलोपार्जित धंदा तंबाखूच्या वखारीचा. मुलगा मात्र शिकून पुण्यास नोकरीला लागलेला. युरोपात जाऊन आल्प्स पर्वतातील नगरे आगगाडीने पाहावयाची, असे त्याच्या मनाने घेतले होते. झुरिक, लुसर्न, इन्सब्रुक, बोल्झानो अशी नावे त्याने एका वहीत ओळीने लिहून आणली होती, आणि कोणती गाडी कोठे किती वाजता पोहोचते हेही त्याला पाठ होते.

त्याने मला तीन गोष्टी विचारल्या. तिकडे जेवणाचे काय करावे, ही पहिली. चालत्या गाडीत नमाज कसा पढावा, ही दुसरी. या दोहोंविषयी अधिकाराने बोलणारा मी नव्हे, हे त्यालाही ठाऊक होते. ती विचारणा बहुधा तिसऱ्या प्रश्नाची प्रस्तावना असावी. तो म्हणाला, "काका, आपल्यापैकी कोणी पूर्वी तिकडे गेलं होतं का?"

आपल्यापैकी म्हणजे कोणापैकी, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या वेळी मी त्याला अर्धेमुर्धे उत्तर दिले. उरलेले आज देत आहे. आणि ते देताना त्याच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे शिदोरीच्या प्रश्नाकडे, मला वरचेवर वळावे लागणार आहे. कारण इतिहास चाळीत गेलो तेव्हा असे दिसले की, आपला धर्म सांभाळून आल्प्स ओलांडणाऱ्या माणसाला डोंगराने जेवढे अडविले, त्याहून अधिक चुलीने अडविले आहे.

मुसलमान माणूस आल्प्समध्ये पहिल्याने कधी गेला, याचे उत्तर आगगाडीच्या कितीतरी शतके मागे जाते. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडून आलेल्या काही मुसलमान दर्यावर्दी टोळ्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर फ्राक्सिनेटम नावाचे ठाणे वसविले. तेथून ते हळूहळू डोंगरात शिरले आणि दहाव्या शतकात आल्प्समधील मोठमोठ्या खिंडी त्यांच्या हाती आल्या. रोमला जाणारे यात्रेकरू, व्यापारी, धर्मगुरू या साऱ्यांना त्यांच्या नजरेखालून जावे लागे. आपल्याकडच्या घाटांत जकातीची चौकी असे आणि कधी चौकीदार कोण व लुटारू कोण हे वाटसरूला कळत नसे, तसाच तो प्रकार होता.

इ. स. ९७२ मध्ये क्लूनी या विख्यात मठाचा अधिपती मायोलस रोमहून परत येत असता ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीखाली ओर्सिएर या गावाजवळ त्यांच्या हाती सापडला. पुढे मठाने जबर खंडणी भरून त्याला सोडविले. परंतु मला सांगावयाची आहे ती कैदेतली गोष्ट. राउल ग्लाबेर नावाच्या भिक्षूने पुढल्या शतकात ती लिहून ठेविली आहे. जेवणाची वेळ झाली तेव्हा पहारेकऱ्यांनी आपल्या जेवणातले मांस आणि जाडीभरडी भाकरी मायोलसपुढे ठेविली. तो म्हणाला, हे माझे अन्न नव्हे; भूक लागेल तेव्हा देव देईल. हे ऐकून त्यांच्यातील एकाला दया आली. त्याने बाह्या सारल्या, हात धुतले, आपली ढाल धुऊन स्वच्छ केली आणि त्या ढालीवर मायोलसच्या डोळ्यांदेखत कणीक मळून, भाकरी भाजून, ती मोठ्या आदराने त्याच्या हाती दिली. मायोलसने प्रार्थना केली आणि ती खाल्ली.

ही हकीकत सांगणारा भिक्षू त्या लोकांचा मित्र नव्हता. शत्रूच्या निंदेने भरलेल्या त्याच्या पोथीत हे एक पान तसेच राहून गेले आहे. हात धुणे, भांडे धुणे आणि समोर रांधणे, या तीन गोष्टी परक्याच्या हातचे खाण्यास संकोचणाऱ्या माणसाला किती पुरतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरात सांगावे लागणार नाही. मायोलसच्या कैदेचा परिणाम मात्र त्या टोळ्यांना भोवला. प्रोव्हान्सचा सरदार चिडून उठला आणि थोड्याच काळात फ्राक्सिनेटमचे ठाणे उद्ध्वस्त झाले.

त्यानंतरची आठ-नऊ शतके मी ओलांडतो. बेळगावकरांना घाट म्हणजे काय ते सांगावयास नको. कॅसलरॉकहून दूधसागरावरून खाली उतरणारी गोव्याची गाडी १८८८ पासून आपल्या ओळखीची आहे. पण तिच्याही वीस वर्षे आधी युरोपच्या मध्यभागी एक घाट लोखंडी रुळांनी बांधला गेला होता. तो ब्रेनरचा. इन्सब्रुक हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. तेथून ३७ किलोमीटरांच्या आत गाडी ब्रेनरच्या खिंडीत १,३७० मीटरांवर चढते आणि मग इटलीकडे उतरू लागते. चढ चाळीस फुटांस एक फूट. माथ्यावर बोगदा नाही. गाडी उघड्या खिंडीतूनच पलीकडे जाते. सेंट योडोक या गावापाशी रूळ नालेसारखे वळले आहेत, आणि खिडकीत बसलेल्याला आपण आलो ती वाट दरीच्या पलीकडल्या अंगाला दिसू लागते. कार्ल फॉन एट्झेल हा त्या मार्गाचा रचनाकार. तो १८६५ मध्येच वारला. मार्ग १८६७ च्या ऑगस्टात सुरू झाला. आल्प्सचा मुख्य कणा ओलांडून जाणारी मोठी आगगाडी ती पहिलीच. मों-सनीचा लांब बोगदा १८७१ चा आणि गोटहार्डचा १८८२ चा.

ब्रेनरची गाडी सुरू होऊन पुरती साडेतीन वर्षेही लोटली नव्हती, तेव्हा कोल्हापूरचा छत्रपती तिच्यात बसला.

राजाराम महाराज यांचा जन्म १८५० चा. पाटणकर घराण्यातून ते दत्तक आले आणि १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर बसले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या नावातले राजाराम ते हेच; शाहू महाराजांच्या चिरंजीवांशी त्यांची गल्लत पुष्कळ जण करतात. निपाणी त्या काळी इंग्रजी अमलात होती, पण आज बेळगाव जिल्ह्यात मोडणारा रायबागचा मुलूख कोल्हापूर संस्थानचाच होता. तेव्हा आपल्या या भागातील कित्येक गावांचा तो राजा होता असे म्हणण्यास हरकत नाही. एका पारशी शिक्षकाच्या हाताखाली त्यांनी इंग्रजीचा चांगला अभ्यास केला होता. विलायत पाहण्याची उत्कंठा त्यांना लहानपणापासून होती, आणि १८७० च्या मे महिन्यात विसाव्या वर्षी ते मुंबईहून जहाजात बसले.

हे धाडस केवढे होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत तेव्हा जिवंत होती. शिवछत्रपतींच्या कुळातील गादीवरच्या पुरुषाने ती मोडावी, हे अनेकांना सोसण्यासारखे नव्हते. शिवाय त्या काळी कोल्हापूरला आगगाडीच नव्हती. ती १८९१ मध्ये आली, आणि बेळगावला १८८७ मध्ये. म्हणजे पुण्यापर्यंतचा रस्ता जुन्या वाहनांनी काटावयाचा आणि तेथून पुढे १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गाने मुंबईस उतरावयाचे. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी सदतीस फुटांस एक आहे, म्हणजे ब्रेनरहून किंचित उभाच. डोंगरातल्या गाडीचे नवल असे महाराजांनी मुलखातच पाहून घेतले होते म्हणावयाचे.

इंग्लंडात ते पाच महिने राहिले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिले, स्कॉटलंडचे डोंगर पाहिले. पाहिलेले सारे ते रोज इंग्रजीत टिपून ठेवीत. त्यांच्या मागे ही रोजनिशी त्यांच्याबरोबरचे इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापविली. विसाव्या वर्षाच्या मुलाची ती वही आहे. तिच्यात फार खोल विचार शोधू नयेत. पण पाहिलेली वस्तू नेटकेपणाने नोंदवावी ही शिस्त तिच्यात आहे, आणि आपल्याकडच्या राजेलोकांत ती त्या काळी दुर्मिळ होती.

नोव्हेंबरच्या आरंभी मंडळी परतीस निघाली. फ्रान्सचा रस्ता बंद होता. जुलैपासून फ्रान्स-प्रशियाचे युद्ध पेटले होते, सप्टेंबरात सेदानला फ्रान्सच्या बादशहाने शरणागती दिली होती आणि पॅरिसला वेढा पडला होता. हिंदुस्थानची टपालसुद्धा त्या हिवाळ्यात फ्रान्स टाळून जर्मनीतून ब्रेनरमार्गे इटलीच्या ब्रिंदिसी बंदरास जाऊ लागली. तोच रस्ता महाराजांनी धरला. बेल्जियम, ऱ्हाईन नदीचा काठ, म्यूनिक, आणि मग पर्वताच्या पायथ्याचे इन्सब्रुक.

इन्सब्रुकला प्रकृती बिघडली. काही दिवस मुक्काम पडला. चहूकडे बर्फाचे डोंगर, नोव्हेंबरची थंडी, आणि आजारी मनुष्य हजारो कोस दूर. बरोबरच्या मंडळींची मनःस्थिती कशी असेल ते मी सांगत बसत नाही. औषध कोणाचे घ्यावे, पथ्याचे अन्न कोणी रांधावे, पाणी कोणाच्या हातचे, हे प्रश्न निरोगी माणसाला एका परीने सुटतात आणि आजाऱ्याला दुसऱ्या परीने. जरा उतार पडताच त्यांना ब्रेनरच्या गाडीने पलीकडे नेण्यात आले. दरीच्या वळणावर गाडी वळली असेल तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिले की नाही, कोण जाणे. फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर आजार बळावला, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथील एका हॉटेलात त्यांचा अंत झाला. वय वीस.

आता खरी अडचण उभी राहिली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि इटलीत प्रेत जाळण्याची रीत नव्हती. कॅथलिक धर्माला ती मान्य नव्हती. सोबतच्या हिंदू मंडळींनी मात्र निक्षून सांगितले की, दहन झाले पाहिजे, ते वाहत्या पाण्याच्या काठी झाले पाहिजे आणि लगेच झाले पाहिजे. धावाधाव करून नगरपालिकेची खास परवानगी मिळविण्यात आली. शहराच्या पश्चिमेस कास्चिने नावाचे मोठे उपवन आहे. त्याच्या टोकाला आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते. संगम! दोन नद्या मिळतात ती जागा पवित्र, हे इटलीत कोणाला सांगून समजले असते? पण जागा मिळाली. त्याच रात्री तेथे चिता रचली गेली आणि डिसेंबरच्या थंडीत फ्लॉरेन्सची माणसे झाडांआड उभी राहून पाहत राहिली. अस्थींचा कलश स्वदेशी नेण्यासाठी भरून घेण्यात आला.

युरोपातील दहनविधीच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख होतो, तो उगाच नव्हे. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ च्या जानेवारीत, मिलानमध्ये पहिले दाहगृह चालू झाले. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणत नाही; त्या विचाराचे डॉक्टर आणि विद्वान इटलीत आधीपासूनच होते. परंतु डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वादविवादात उपयोगी पडते.

१८७४ मध्ये त्या संगमावर महाराजांची छत्री उभी राहिली. खाली रंगविलेला संगमरवरी अर्धपुतळा, वर भारतीय घडणीचा मंडप. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि मंडप मेजर मँटचा. हाच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा रचनाकार झाला. वाडा पाहून आलेल्यांनी छत्रीचे चित्र मुद्दाम पाहावे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणूस, असे म्हणतात. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचेही नाव तेच पडले. महाराजांचे नाव तेथे फारसे कोणाला ठाऊक नसेल. गावाला एवढेच स्मरते की कोणी एक हिंदी माणूस येथे राहिला.

त्या तरुणाला मी हीच कथा सांगितली होती. तो ऐकत राहिला आणि मग नम्रपणे म्हणाला, "पण काका, ते तर राजे. आणि मुसलमान नव्हेत." दोन्ही गोष्टी खऱ्या.

मराठी मुलखातील मुसलमान प्रवाशांपैकी ज्यांनी युरोप पाहून लिहून ठेविले, त्यांत मला आठवते ते नाव जंजिऱ्याच्या नाझली बेगमांचे. मुरुडच्या सिद्दी नबाबांची ही पत्नी मुंबईच्या फैजी घराण्यातली, म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजींच्या आप्तगोतातली. जन्म इस्तंबूलचा. १९०८ मध्ये पती आणि बहीण अतिया यांच्यासह त्या युरोपच्या प्रवासास गेल्या आणि इस्तंबूललाही गेल्या. 'सैर-ए-युरप' हा त्यांचा उर्दू ग्रंथ त्या प्रवासातून झाला. राजाराम महाराजांची वही इंग्रजीत, बेगमांची उर्दूत. मराठीच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, ही आपली करंटी परंपरा होय.

ओघात आले म्हणून सांगतो. डोंगरावर आगगाडी चढविण्याचे वेड मुंबईच्या मुसलमान व्यापाऱ्यांनाही लागले होते. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी सर आदमजी पीरभॉय या बोहरा शेटजींच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०७ मध्ये सुरू झाली. वीस फुटांस एक फूट असा तिचा चढ काही जागी आहे. ब्रेनर तिच्यापुढे सपाटच म्हणावा.

१८७० आणि १९०८ या दोन सालांमध्ये स्वित्झर्लंडात एक गोष्ट घडली, आणि माझ्या तरुण मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे. २० ऑगस्ट १८९३ रोजी तेथील जनतेने मतदान करून आपल्या राज्यघटनेत असे कलम घातले की, जनावराला आधी बेशुद्ध केल्यावाचून कापता कामा नये. प्राणिदयेची भाषा त्यामागे होती आणि ज्यूंचा दुस्वासही होता. दोहोंचे प्रमाण किती हे इतिहासकार अजून तोलीत आहेत. मुसलमान त्या वेळी तेथे नाममात्र होते, तेव्हा त्यांचा विचार कोणी केला नाही. पण नियम दोघांनाही सारखाच लागू झाला. ती बंदी पुढे प्राणिसंरक्षणाच्या कायद्यात गेली आणि आजही आहे. त्यामुळे झुरिकच्या एखाद्या दुकानात हलाल गोमांस मिळते ते बहुधा परदेशातून आलेले असते. कुराणाने ग्रंथधारी लोकांचे, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती यांचे, अन्न मुसलमानांना मोकळे ठेवले आहे. पण आजच्या कत्तलखान्यातील मांस त्यात बसते का, याविषयी धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत. मतभेद असला म्हणजे सावध मनुष्य मासे, अंडी आणि भाजी यांकडे वळतो. आपल्याकडचा शाकाहारी गृहस्थ परमुलखात गेल्यावर हेच करतो.

पर्वताच्या दुसऱ्या अंगाला, ऑस्ट्रियात, निराळाच प्रकार झाला. १९०८ मध्ये त्या साम्राज्याने बोस्निया खालसा केला आणि लक्षावधी मुसलमान एकदम त्याचे प्रजाजन झाले. १९१२ मध्ये कायदा करून इस्लामच्या हनफी पंथाला राज्याची मान्यता देण्यात आली. पहिल्या महायुद्धात बोस्नियाच्या पलटणी इटलीच्या सरहद्दीवर आल्प्समध्ये लढल्या. त्या शिपायांनी ज्युलियन आल्प्समधील लोग पोद मांगर्तोम या खेड्यात १९१६ च्या सुमारास लाकडी मशीद बांधली, मिनारासकट. बर्फाच्या कड्याखाली तो मिनार उभा असल्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. युद्ध संपले आणि मशीदही गेली. आज तो भाग स्लोव्हेनियात आहे.

शिपायांचा विषय निघाला म्हणजे बेळगावला दूर ठेवता येत नाही. मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात या पलटणी आठव्या हिंदी डिव्हिजनमधून इटलीत दक्षिणेकडून उत्तरेकडे, आल्प्सच्या दिशेने लढत गेल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात त्या फ्लॉरेन्सच्या वेशीशी होत्या. शहराच्या चित्रसंग्रहालयातील अमोल चित्रे मोंतेगुफोनी नावाच्या एका गढीत लपविलेली सापडली, त्यांत बोतिचेल्लीचे 'वसंत' हे जगद्विख्यात चित्रही होते. आणि त्यांवर पहारा बसला तो मराठ्यांचा. पुढल्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या काठी एकाच दिवशी दोन हिंदी शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एक नामदेव जाधव, पाचव्या मराठा पलटणीचे. दुसरे अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे. चुली मात्र निरनिराळ्या होत्या. त्या फौजेत हिंदू आणि मुसलमान शिपायांचे रांधणे वेगळे, बकरा कापण्याची रीत वेगळी. गोळ्यांच्या माऱ्यातही तो बंदोबस्त लष्कराने चालविला होता. सेनिओपासून जवळच फोर्ली गावात हिंदी सैन्याचे स्मशान आहे. मुसलमानांची थडगी तेथे आहेत. आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांचा एक स्मारकस्तंभ त्याच आवारात आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी खास परवानगीने, रात्रीच्या वेळी करावी लागलेली गोष्ट तोवर इटलीत सैन्याच्या नियमात बसली होती.

अलीकडच्या काळात वाट पुष्कळ सुकर झाली आहे. झुरिकमध्ये १९६३ साली स्वित्झर्लंडातील पहिली मशीद झाली; जिनेव्हात मोठी मशीद १९७८ मध्ये उघडली. पण २९ नोव्हेंबर २००९ रोजी त्याच देशाने पुन्हा मतदान करून नवे मिनार बांधण्यास घटनेनेच बंदी केली. शंभरांतील सत्तावन्नांहून अधिक मते बंदीच्या बाजूची होती. मशिदीला मनाई नाही, नमाजाला नाही, फक्त मिनाराला. १८९३ चे कलम आणि २००९ चे कलम यांच्यामध्ये सव्वाशे वर्षेही नाहीत. जे राष्ट्र आपल्या गाड्या मिनिटामिनिटाला बिनचूक चालविते, त्याला शेजाऱ्याच्या ताटाची आणि शिखराची इतकी काळजी का वाटावी, हे मला उमगलेले नाही. आपल्या सरहद्दीवर दुकानाच्या पाटीवरील अक्षरांवरून होणारे तंटे पाहिलेल्या माणसाने त्यावर हसण्याचा अधिकार फारसा सांगू नये, एवढे खरे.

नमाजाविषयी त्या तरुणाने आपल्या मौलवींना विचारले. प्रवाशाला चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत आहे, हे त्याला ठाऊक होतेच. अडचण दिशेची होती. निपाणीत काबा पश्चिमेला. इन्सब्रुकला तो आग्नेयेला येतो. आणि सेंट योडोकच्या वळणावर गाडीच फिरते, मग माणसाने काय करावे? मौलवींनी त्याला सोपा उपाय सांगितला: स्टेशन येऊ दे, उतर, आणि फलाटावर पढ. डोंगरातल्या गाड्या तासातासाला असतात. इतिहास वाचून मला जे सुचले नसते, ते त्यांनी वेळापत्रक न पाहता सांगितले.

शिदोरीचा निकाल आईने लावला. परदेशी प्रवाशाने मांस अथवा दुधाचे पदार्थ बरोबर आणू नयेत असा युरोपातील नियम आहे. त्यामुळे बेळगावचा कुंदा घरीच राहिला. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांना कोणाची हरकत नव्हती. बाजरीच्या, ज्वारीच्या कडक भाकऱ्या कापडात बांधून त्याच्या पिशवीत गेल्या.

मे महिन्यात तो गेला. झुरिकहून आर्लबर्गच्या बोगद्यातून इन्सब्रुकला, तेथून ब्रेनरच्या गाडीने दक्षिणेकडे. त्या खिंडीखालून आता पंचावन्न किलोमीटरांचा बोगदा खणला जात आहे; तो पुरा झाला म्हणजे वेगाच्या गाड्या खालूनच जातील, आणि सेंट योडोकचे वळण बहुतेक प्रवाशांना दिसणार नाही. याला ते दिसले. वहीत लिहिलेल्या गावांत फ्लॉरेन्स नव्हते, कारण ते आल्प्समध्ये नाही. तरी बोल्झानोहून तो तसाच पुढे गेला, आणि कास्चिनेच्या टोकापर्यंत चालत जाऊन त्याने छत्रीचे एक छायाचित्र मला पाठविले. खाली लिहिले होते की येथे पाऊस आहे, पुतळ्याभोवती कठडा असल्याने जवळ जाता आले नाही, समोरच्या बाकावर बसून शेवटची भाकरी खाल्ली, आणि परतीच्या गाडीला अजून दोन तास आहेत.